सातव्या आजोबांपाशी अडलेलं लग्न

कमशातच्या कादंबऱ्यांची पहिली वाचक तिची सासू, पण ती वाचत नसे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ओरिन्शा अपा नुसत्या ऐकत. सकाळचा चहा झाला, खिडकीखालच्या सोफ्यावर उशीला टेकून त्या बसल्या, की कमशात समोरच्या स्टुलावर बसून आदल्या दिवशीचं लिखाण वाचून दाखवी. अपांच्या एका हातात बिनकानाचा पेला, दुसऱ्यात चमचा. कंटाळा आला की चमचा पेल्यावर एकदा वाजे. तोंडाने काही म्हणायच्या नाहीत. कमशात त्या ओळीला पेन्सिलीने खूण करी आणि पुढे सरके. दोन जाडजूड भाग असे त्या चमच्याखालून गेले होते, आणि दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतले होते.

अपा आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून, शेवटी उपमुख्याध्यापिका होऊन घरी बसलेल्या. चूक सापडली की त्यांना तरतरी येई, गुडघे दुखायचे थांबत. तालदीकोर्गानच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आता या दोघीच होत्या. अपांचा मुलगा आणि कमशातचा नवरा सायात, रस्त्यांची मोजणी करायला सगळा मुलूख फिरलेला माणूस, एका नोव्हेंबरात जेवणाच्या टेबलावरून उठताना हृदय बंद पडून गेला. लेक अल्माटीत. तेव्हा सासू आणि सून एकमेकींना सांभाळत होत्या, म्हणजे एकमेकींच्या चुका काढत होत्या.

कमशात औषधाच्या दुकानात काम करून घर चालवलेली बाई. कादंबरी लिहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे तिची तऱ्हा तिची स्वतःची होती. पहिला खर्डा पेन्सिलीने, दुपारी अपा झोपल्या की स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मागे वळून न बघता. दुसरा लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तिथे पहिल्यातलं निम्मं गळे. तिसरा चमच्यासमोर. चौथा बग्लानसमोर. बग्लान म्हणजे अल्माटीतली तिची संपादिका, वयाने लेकीएवढी, आणि हातात कात्री घेऊनच जन्मलेली. पुस्तकाचं काय काय किती वेळा बदललं हे मोजायचं कमशातने केव्हाच सोडलं होतं.

एका प्रकरणाला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. तिसऱ्या आणि शेवटच्या भागाचं ते शेवटचं प्रकरण, आणि लिहून झालं होतं सगळ्यात आधी. सायात गेला त्या हिवाळ्यात तिने ते लिहिलं. तेव्हा ना मालिका होती ना गोष्ट. वाऱ्याने तंबूचे दोर ताणले आहेत, आत लग्नाचं जेवण चाललं आहे, नवरा आणि नवरी शेजारी बसली आहेत, एवढंच. मग ही दोघं कोण, कुठून आली, एवढ्या लोकांत एवढी दमलेली का दिसतात, याचा शोध घेत ती उलटी मागे मागे लिहीत गेली आणि त्यातून ‘वाऱ्याचे खूर’ ही तीन भागांची मालिका झाली. बाकी सगळं म्हणजे त्या पंगतीपर्यंत जाणारा रस्ता. ते प्रकरण तिने बग्लानला दाखवलं नव्हतं. अपांना तर नाहीच.

मालिकेतल्या मुलखात प्रत्येक कुळाचा एक वारा असतो. वाऱ्याला पहिला लगाम घातला तो बोरानने. त्याच्या मुलांत भांडण लागलं, कुळ फुटलं, वारे फुटले, आणि तेव्हापासून तिथे धड पाऊस नाही की गवत नाही. पूर्वेकडच्या शाखेतला सुंकार हा नायक. पहिल्या भागात तो मेलेल्यांच्या वेशीवर जातो. ती वेस उघडते ती फक्त जो आपल्या आजोबा-पणजोबांची नावं एकही न गाळता म्हणेल त्याला. गाळलं तर माणूस तिथेच मेला. सुंकार म्हणतो, वेस उघडते. दुसऱ्या भागाच्या शेवटी पश्चिमेकडे अनाथ म्हणून वाढलेली कोक्तेम त्याच वेशीवर उभी राहून लहानपणी पाठ झालेली आपल्या आजोबांची नावं म्हणते, शेवटचं नाव बोरानचं निघतं, आणि मागे उभ्या सुंकारला कळतं की फुटलेल्या कुळाची दुसरी बाजू ही. या प्रसंगाने लोक रडले होते. नौरुझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या कार्यक्रमांत शाळेतली पोरं ती नावं पाठ म्हणत. तिसऱ्या भागात दोघांचं लग्न, दोन शाखा एक, पाऊस.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कमशात तिसऱ्या भागातलं मागणी घालायचं प्रकरण वाचत होती. सुंकारने घोडा थांबवला, तोंड उघडलं, आणि चमचा वाजला. एकदा नाही, तीनदा.

“हा कुणाला मागणी घालतोय?” अपांनी विचारलं.

“कोक्तेमला.”

“अगं, बहीण आहे ती त्याची.”

कमशातला हसू आलं. तिने समजावलं की बोरान कुठल्या कुठे मागे आहे, दोघांचाही अकरावा आजोबा, सात पिढ्या ओलांडून आणखी चार, रक्त केव्हाच वेगळं झालं. सात पिढ्यांच्या आत आम्हा कझाखांकडे लग्न होत नाही. पोरगा-पोरगी पळून गेली तरी आई आधी विचारते कुठल्या घराण्यातली, आणि मग रडायला बसते. हे कमशातला अपांनी सांगायची गरज नव्हती.

अपांनी पेला खाली ठेवला, डोळे मिटले आणि सुंकारचे आजोबा म्हटले. सात झाले, सातवा बोरान. मग कोक्तेमचे म्हटले. सात झाले. सातवा बोरान.

“तू वाचून दाखवलेलं म्हणते आहे मी,” त्या म्हणाल्या. “अकरा तुझ्या डोक्यात असतील.”

कमशातने कपाटातून छापील पुस्तकं काढली. उभ्या उभ्या पानं उलटली, आणि मग बसली.

झालं होतं ते असं. पहिल्या खर्ड्यात दोघांचीही अकरा-अकरा नावं होती. कमशातला नावं घडवायला फार आवडे, त्यासाठीच तर ती असली पुस्तकं लिही. बग्लानने पहिल्या भागाच्या वेळी कळवलं की वेस उघडेपर्यंत वाचक घोरायला लागेल, सात पुरेत, आपल्यात आठवा विचारतो कोण. कमशातला पटलं. मधले चार आजोबा तिने उडवले. बोरानला उडवणं शक्य नव्हतं, सगळी शान त्याचीच, म्हणून तो सरकत सरकत सातवा झाला. दुसऱ्या भागाच्या वेळी तीच कात्री, तेच सात, तोच बोरान शेवटी. कागदावरून आठ माणसं गेली, पण तिच्या मनातल्या अकराच्या ओळी तशाच राहिल्या. आपण खोडलेलं आपल्याला वाचता येतं, इतरांना येत नाही, ही एवढीशी गोष्ट तिच्या लक्षातून गेली. आणि कुणीच मोजलं नाही, कारण दोन भागांत दोघं नुसती सोबती म्हणून बरोबर हिंडत होती. मोजायची वेळ लग्न निघाल्यावर येते.

बग्लानला फोन केला तेव्हा ती नावं पुटपुटायला लागली. ती बोटं मोजते आहे हे कमशातला कळलं. मग बग्लान हळूच एक शिवी घालून म्हणाली की कात्री तिची होती. पुढच्या आवृत्तीत आठ नावं परत घालू, असं तिने सुचवलं, आणि तिचं तिनेच मागे घेतलं, कारण हजारो घरांत सातांची पुस्तकं आहेत आणि पोरांना सातच पाठ आहेत. मग म्हणाली, तिसऱ्या भागात एक ओळ टाकू, मधली चार नावं काळाच्या ओघात विसरली गेली.

“विसरली असती तर वेस उघडली नसती,” कमशात म्हणाली. “दोघं तिथेच मेली असती.”

“ते तुम्हीच लिहून ठेवलंय, ताई.”

“मीच लिहून ठेवलंय.”

बग्लान म्हणाली की एवढं कोण बघतं, आणि वाक्य पुरं करायच्या आधीच दोघींना उत्तर ठाऊक होतं. सगळे बघतात. कझाख माणूस कादंबरीची शैली बघणार नाही, भाषा बघणार नाही, पण दोन माणसं लग्नाला उभी राहिली की त्याची बोटं आपोआप हलायला लागतात.

पुढचे दिवस कमशातने वाटा काढण्यात घालवले. सुंकारच्या बापाला सांभाळलेला मुलगा केला. पण सांभाळलेला मुलगा कुळाचाच होतो, आणि तसा नाही धरला तर वेशीवर म्हटलेली नावं खोटी ठरतात. एक जादूचा दगड आणला जो रक्त धुतो. वाचून तिला स्वतःचीच लाज वाटली. बोरान दोन होते, एक थोरला एक धाकटा, असंही लिहिलं. ते फाडलं. नूडल्सचं पीठ ती इतक्या जोरात मळत होती की अपांनी आतून विचारलं, कुणाला मारते आहेस.

खरं तर मारायचं अपांनाच होतं. मागणीपर्यंत पुस्तक सुरळीत आलं होतं, पुढे फक्त ते एक प्रकरण उरलं होतं, आयतं, कोरं, तिच्या जिवाचं, आणि या बाईने पेल्यावर चमचा वाजवून ते बुडवलं. काय बुडवलं हे तिला कळायला तरी हवं. एका सकाळी कमशातने वरच्या फळीवरचे जुने कागद काढले, स्टुलावर बसली आणि काही न सांगता शेवटचं प्रकरण वाचायला लागली.

लग्नाचं जेवण चाललं आहे. नवरीच्या डोक्यावरून पदर खाली ओढलेला, सकाळपासून तिने काही खाल्लेलं नाही, आणि सगळ्या बाया टक लावून बघत असताना नवरीने खायचं नसतं. समोर मांसाची परात वाफाळते आहे. नवरा समोर बघत बसला आहे, पाहुण्यांच्या आशीर्वादांना मान हलवतो आहे, आणि चादरीखालून त्याचा हात तिच्या हातात काहीतरी ठेवतो. कुर्त. खारट, वाळवलेल्या दह्याचा गोळा. ती पदराआड तोंडात टाकते. तो विरघळायला वेळ लागतो, तोवर एक म्हातारा लांबलचक आशीर्वाद देतो. मग दुसरा गोळा. नवऱ्याने एकदाही तिच्याकडे वळून बघितलेलं नाही. त्याचे खिसे भरलेले आहेत. बाहेर वारा सुटतो.

एवढंच प्रकरण. चमचा वाजला नाही. कमशातने मान वर केली तेव्हा अपा खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, जरी त्यांना खिडकीतलं फारसं काही दिसत नसे.

“कोट करडा होता,” त्या म्हणाल्या.

“पुस्तकात चामड्याचा आहे, अपा.”

“करडा होता. उसना आणलेला, दुसऱ्या दिवशी परत द्यायचा. खिशाच्या अस्तरावर पांढरे मिठाचे डाग, दोन्ही खिशांना. मी घासून घासून धुतला. मला वाटलं गाढवाने स्वतः खाल्लं, आईच्या हातचं जेवण सोडून. मी बोललेसुद्धा त्याला. त्याने सांगितलं नाही.”

“मलाही सायात त्यावर कधी काही बोलला नाही,” कमशात म्हणाली.

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. दुपारी अपा झोपल्या नाहीत. कमशात टेबलाशी बसली होती तिथे काठी टेकत आल्या, समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं की सातवा म्हणजे नक्की आत की बाहेर.

कमशातला आधी कळेना.

“सात पिढ्या सोडाव्यात म्हणतात,” अपा म्हणाल्या. “सातवा हा कुंपणावरचा झाला. कुंपणावरच्याला घरात धरायचं की अंगणात, हे ज्याचं त्याने ठरवावं.”

“तुम्हीच म्हणालात बहीण आहे.”

“मी शंभर गोष्टी म्हणते. तू कधी ऐकतेस?”

आणि मग ती उपमुख्याध्यापिका बाई, जिने शाळेत कॉपीच्या एका चिठ्ठीसाठी विद्यार्थ्याला वर्ष बुडवायला लावलं होतं, एकामागून एक खोटं रचायला बसली. बोरानला दोन बायका होत्या म्हण आणि धाकटीचं पोर शेजारच्याचं होतं. वेशीवरचे मेलेले तरी काय, मेलेलेच, त्यांची मोजणी चुकली असेल. नाहीतर सगळं कुळ जमव, पांढरी घोडी काप, म्हाताऱ्यांकडून बंधन सोडवून घे, पूर्वी करत असत तसं. कमशातने सांगितलं की तसं करत ते सात पिढ्या पुऱ्या उलटल्यावर, आणि अपांना हे तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अपा म्हणाल्या की गोष्टच आहे ना, गोष्टीत वाऱ्याला लगाम घालता येतो आणि एक आजोबा वाढवता येत नाही?

कमशात बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिली. ज्या तोडग्यांसाठी ती इतके दिवस धडपडत होती तेच अपांच्या तोंडून ऐकताना तिला ते किती पोकळ आहेत ते दिसलं. वाऱ्याला लगाम घालता येतो, कारण त्या मुलखात नावं खोटी होत नाहीत. एक नाव खोटं केलं की सगळा मुलूख पुठ्ठ्याचा. आणि दुसरंही काही होतं, ते तिला बरेच महिने जाणवत होतं आणि ती त्याच्याकडे पाठ फिरवून लिहीत होती.

“अपा, सुंकार असा नाहीच,” ती म्हणाली. “दोन भाग झाले मी त्याला ओळखते. शूर आहे, बडबड्या आहे. शेजारचा माणूस उपाशी आहे हे त्याला कधी कळायचं नाही. त्याच्या खिशात कुर्त असेल तर तो स्वतः खाईल.”

अपांनी विचार केला. सुंकारला त्यांनी पहिल्यापासून ऐकलं होतं.

“खाईल,” त्या म्हणाल्या. “गाढवच आहे तो.”

“मग तिथे बसलाय तो सुंकार नव्हे.”

“नव्हे,” अपा म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने विचारलं, “मग याचं काय करणार?” याचं म्हणजे कुणाचं, कागदाचं की मुलाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

कमशात म्हणाली की हे पुस्तकात जाणार नाही. अपा उठल्या आणि काठी टेकत आत गेल्या. दार लावून घेतलं.

नंतरचे काही दिवस घरात चहा गुपचूप झाला. कमशात लिहीत होती. सुंकार भरल्या जमावात मागणी घालतो, आणि कुळातली एक म्हातारी उठून दोघांचे आजोबा मोजते. बोरानपाशी येऊन ती थांबते. कमशातने इतके दिवस त्या दोघांना लग्नाकडे ढकललं होतं. आता ढकलायचं थांबवल्यावर दोघं आपापल्या पायांनी चालायला लागली. सुंकार पहिल्यांदाच गप्प बसला. कोक्तेम रागावली, मग हसली, कारण अनाथ म्हणून वाढलेल्या मुलीला एकदम भाऊ मिळाला होता आणि तो तोंड पाडून बसला होता. दोन शाखा एक व्हायला लग्न लागतच नव्हतं, भावाने बहिणीला घोड्यावर बसवून सासरी पोचवणं पुरत होतं. पाऊस त्याच्यानंतरही पडू शकत होता. प्रकरण पहिल्या खर्ड्यातच असं उतरलं की कमशातला जरा अपराधी वाटलं. बग्लानने वाचून कळवलं की मालिकेतलं सगळ्यात चांगलं हेच, आणि जादूचा दगड वगैरे काही सुचला नाही याबद्दल देवाचे आभार. कमशातने दगडाचं काही सांगितलं नाही.

सकाळच्या वाचनाला अपा येऊन बसत, पण चमचा वाजवत नसत. चांगल्याला नाही, वाईटाला नाही. मोजणाऱ्या म्हातारीचा प्रसंग आला तेव्हा एवढंच विचारलं की तिला दात आहेत की नाहीत. आहेत म्हटल्यावर बरं म्हणाल्या. कमशातला वाटलं, हे पुस्तक आता आपलं एकटीचं झालं.

मग एका रविवारी दोघी मांतीसाठी, म्हणजे मांस भरून वाफवायच्या करंज्यांसाठी, पाऱ्या लाटत होत्या. अपा डोळ्यांनी नव्हे, बोटांनी लाटत. मधेच विचारलं, मग कोक्तेमचं कुणाशी होणार आहे. कमशात म्हणाली, तास्तान म्हणून एक आहे, मिठाच्या तळ्याकडचा. दुसऱ्या भागात एकदा येऊन गेला, त्याने हिची वाट चुकलेली घोडी शोधून दिली होती.

“कुठल्या घराण्यातला?”

“ते अजून ठरवलं नाही.”

“ठरवलं नाही आणि मुलगी देते आहेस?” अपांचं लाटणं थांबलं. “सात सांग.”

कमशातने लाटता लाटता सात आजोबा घडवले. अपांनी प्रत्येकाला हटकलं. तिसरा काय करत होता, पाचवा कशाने मेला, सहाव्याला मुलगे किती, बोरानच्या घरात यांच्यापैकी कुणाची पोर तर दिलेली नव्हती ना. एका पणजोबाचं नाव त्यांना चोरासारखं वाटलं, ते बदलायला लावलं. आठवा विचारला. कमशात म्हणाली आठवा कुणी विचारत नाही. अपा म्हणाल्या, मी विचारते. आठवाही झाला, नववाही. कढईतल्या मांतींना वाफ धरली होती तोवर अकरा पुरे झाले आणि अपांनी ते एकदा ओळीने म्हणून पाहिले.

“स्वभावाला कसा आहे?”

“बरा आहे. कमी बोलतो. माणसांची काळजी घेतो.”

अपांनी पुढची पारी हातात घेतली, कड दुमडली, आणि पुन्हा उलगडली.

“बरा असू दे,” त्या म्हणाल्या. “फार चांगला करू नकोस त्याला.”

कमशातने नाही करणार म्हणून सांगितलं आणि कढईवरचं झाकण उचललं.